‘आम्ही रोमा नाही, इंडियन आहोत’ असं बोलून गेले, आता मुलीच्या शाळेचं काय करू?

पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळची सोलापूरची, नवरा आयटीत आहे, दीड वर्षापासून आम्ही चेक रिपब्लिकमध्ये ब्रनोला राहतो. मुलगी आता पहिलीत जाईल. आमच्या पत्त्याला जी सरकारी शाळा लागते तिथे रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात, त्यांची मुलं बरीच आहेत. इथल्या इंडियन पेरेंट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच, ‘ती जिप्सींची शाळा आहे, अजिबात नको, दुसऱ्या एरियातला पत्ता दाखवा.’ नवरापण म्हणतो मित्राचा पत्ता लावू, विषय संपला. मला ते पटत नाही, पण मुलीचं नुकसान नको असंही वाटतं.

अजून एक आहे. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा एजंटने आम्हाला बघून दारातच सांगितलं की मालकाला रोमा लोक नकोत. मी पटकन म्हटलं, आम्ही रोमा नाही, इंडियन आहोत, आयटीत आहोत. त्याचा चेहराच बदलला, सॉरी म्हणाला, फ्लॅट मिळाला. आता त्याच घरात राहतोय. आणि गेल्या महिन्यात बागेत एका मुलाने माझ्या मुलीला रोमा म्हणून चिडवलं, तेव्हापासून ती विचारते, आई, आपण रोमा आहोत का? काय सांगू तिला? नवरा म्हणतो आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय. मला नुसतीच लाज वाटत राहते.

– गोंधळलेली आई, ब्रनो

उत्तर:

अगं, शाळेबद्दल एवढं विचारलंयस आणि फ्लॅटचं मात्र ‘अजून एक आहे’ म्हणून मध्येच घुसवलंयस, पण मला वाटतं टोचतंय ते फ्लॅटचंच, म्हणून आधी तेच घेते.

तू जे बोललीस त्यात खोटं काही नव्हतं. परक्या देशात घर हातचं जाताना दिसत असेल तर जे तोंडात येईल ते माणूस बोलतो, दारात उभं राहून कोणी मानवी हक्कांवर भाषण देत नाही. त्यामुळे स्वतःला बोल लावत बसू नकोस. पण एक लक्षात घे, त्या एजंटने सॉरी म्हटलं ते तुला चुकून रोमा समजलो म्हणून म्हटलं, रोमांना घर नाकारतो म्हणून नाही. म्हणजे त्याने तुला एका खान्यातून उचलून दुसऱ्या खान्यात ठेवलं एवढंच, खाने तसेच राहिले, आणि कोणाला कुठल्या खान्यात ठेवायचं हे पण त्याच्याच हातात राहिलं. आणि हा बरा खाना काही कायमचा नसतो. डेन्मार्कमध्ये बघ, तिथे सरकारी आकडेवारीतच माणसं वेस्टर्न आणि नॉन-वेस्टर्न अशी मोजतात, २०१८ च्या कायद्याने ज्या स्वस्त भाड्याच्या वसाहतींमध्ये नॉन-वेस्टर्न लोक निम्म्याहून जास्त आणि वर बेकारी, शिक्षण वगैरेचे आकडे वाईट, त्यांच्यावर वेगळे कडक नियम आले, आणि त्या मोजणीत आपण भारतीय लोक नॉन-वेस्टर्नच आहोत बरं का, आयटीत असा नाहीतर अजून कशात.

आता कायद्याचं. युरोपियन युनियनने २००० साली वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा एक निर्देश काढला, नोकरी, शिक्षण, आरोग्य, दुकानदारी, घर, सगळं त्यात येतं, आणि प्रत्येक सभासद देशाने त्याप्रमाणे आपापला कायदा करायचा. चेक लोक २००४ ला युनियनमध्ये आले पण त्यांचा कायदा यायला २००९ उजाडलं, राष्ट्रपती क्लाऊस यांनी तर त्याला व्हेटोच केला होता, संसदेने तो मोडून काढला तेव्हा कुठे लागू झाला. तो उशिरा आला पण त्यात एक कलम तुझ्या कामाचं आहे. समोरच्याने तुम्हाला जे ‘समजून’ वाईट वागवलं ते तुम्ही खरंच आहात की नाही याला महत्त्व नाही, नुसत्या समजुतीवरून केलेला भेदभावसुद्धा भेदभावच धरतात. त्यामुळे एजंटसमोर ‘आम्ही रोमा नाही’ हे सिद्ध करायची कायद्याने काहीच गरज नव्हती.

युरोपच्या कोर्टातपण असलीच एक केस गाजलीये. बल्गेरियात दुपनित्सा नावाचं गाव आहे, तिथल्या ज्या मोहल्ल्यात जास्त करून रोमा राहतात तिथे वीज कंपनीने मीटर खांबावर सहा-सात मीटर उंच बसवले. म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीएवढे वर, आपलं रीडिंग किती झालं हे बघायचं तर मान मोडेपर्यंत वर बघायचं आणि तरी आकडा दिसणार नाही. बाकी गावात मीटर माणसाच्या उंचीला. कंपनीचं म्हणणं काय तर इथे वीजचोरी होते. तक्रार कोणी केली? त्या मोहल्ल्यात दुकान चालवणाऱ्या एका बाईने, आणि ती बाई स्वतः रोमा नव्हतीच! तिला बिल जास्त वाटत होतं आणि मीटर दिसत नव्हता. २०१५ मध्ये लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कोर्टाने, सांगितलं की रोमांना धरून केलेल्या गोष्टीचा फटका तिला त्यांच्यासोबत बसत असेल तर हा कायदा तिच्यासाठीपण आहे, आणि अख्ख्या मोहल्ल्याला चोर समजून मीटर असे टांगणं हे अपमान करणारं, डाग लावणारं आहे. पुढचं नीट तपासायचं काम त्यांनी बल्गेरियातल्या कोर्टाकडे दिलं. मला ही केस फार आवडते कारण त्या बाईने ‘मी त्यांच्यातली नाही, माझा मीटर खाली लावा’ असा अर्ज करून स्वतःपुरतं मिटवलं नाही, तिने मुद्द्यालाच हात घातला.

आणि ‘मालकाला नको आहेत, मी काय करू’ हे जे एजंट म्हणाला ना, तो बहाणापण कोर्टाने आधीच निकाली काढलाय. बेल्जियममध्ये गॅरेजची दारं बसवणाऱ्या एका कंपनीचा मालक उघड म्हणाला होता की मोरोक्कन कारागीर ठेवत नाही कारण गिऱ्हाइकांना ते घरात आलेले चालत नाहीत. नोकरी नाकारली गेलेला असा एकही माणूस पुढे आला नव्हता, तरी २००८ मध्ये त्याच लक्झेंबर्गच्या कोर्टाने म्हटलं की असं जाहीर बोलणं हाच थेट भेदभाव, ऐकून लोक अर्जच करणार नाहीत ना. ती नोकरीची केस होती, पण कायदा तोच २००० चा.

मग तू काय करायचं? तुला घर मिळालंय, त्यामुळे कोर्टबिर्टाचा विषय मी काढतच नाही. पण तुम्ही ब्रनोत राहता हा योगायोग भारी आहे, चेक देशाच्या लोकपालाचं ऑफिस प्रागला नाही, तुमच्याच गावात ऊदोल्नी रस्त्यावर आहे, भेदभावाच्या तक्रारींचं काम त्यांच्याकडेच आहे, पैसे लागत नाहीत आणि परदेशी माणूसपण जाऊ शकतो. ते एजंटला दंड नाही करू शकत, पण केस बघून मत देतात, पुढे काय करायचं ते सांगतात. एजन्सी हा धंदा आहे त्यामुळे ग्राहकांसाठीची जी सरकारी तपासणी यंत्रणा आहे, चेक ट्रेड इन्स्पेक्शन, तिच्याकडे दंडाचे अधिकार आहेत. आता व्यवहाराचं बोलू, तुझा भाडेकरार वर्षावर्षाचा असेल आणि मालक चिडून रिन्यू नाही केला तर? ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. म्हणून आधी नुसता सल्ला विचारायला जा, तक्रार करायची की नाही ते घरी येऊन ठरव. आज एवढं मात्र कर, तारीख, जागा, तो नेमकं काय बोलला, कोण हजर होतं हे लिहून ठेव आणि त्याचे मेसेज डिलीट करू नकोस.

आणि नवऱ्याचं ते ‘आपण पाहुणे’. अरे बाबा, पाहुणे पगारातून टॅक्स आणि सोशल इन्शुरन्स भरतात का? युनियनचा जो मूलभूत हक्कांचा जाहीरनामा आहे, २००० साली नीसमध्ये जाहीर केला आणि २००९ पासून कायद्याइतकाच बांधील झाला, त्यात मतदानासारखे काही हक्क फक्त नागरिकांचे आहेत, पण भेदभाव नको हा हक्क नागरिकांपुरता ठेवलेला नाही. एक खोच मात्र आहे, ती माहीत असू दे. कातडीचा रंग किंवा वंश बघून घर नाकारलं तर २००० चा निर्देश लागू होतो, पण परकीय पासपोर्ट, व्हिसा यावरून जो फरक करतात तो त्या निर्देशात येत नाही, त्यामुळे व्हिसा ऑफिसमध्ये युरोपियन माणसाची रांग वेगळी आणि आपली वेगळी यावर तू भांडलीस तर काही उपयोग नाही. बाकी ‘तक्रार केली तर परमिटवर परिणाम होईल’ हे जे ग्रुपवर फिरतं त्याला कायद्यात काही आधार नाही, उलट तक्रार केली म्हणून कोणी त्रास दिला तर तो वेगळा गुन्हा नाही पण वेगळा भेदभाव म्हणून मोजला जातो.

झालं, आता शाळा. इथे मी जरा लांबण लावणारे कारण तू ज्या देशात आहेस तिथे रोमा आणि शाळा ही साधी गोष्ट नाही, तिच्यावर अख्ख्या युरोपचा कायदा उभा राहिलाय.

तुमच्यापासून दोनएक तासांवर ओस्त्रावा आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या रोमा मुलांना धडाधड ‘स्पेशल’ शाळेत पाठवायचे, म्हणजे ज्या शाळा खरं तर मतिमंद मुलांसाठी होत्या. एक बुद्धीची चाचणी घ्यायची, ती चेक भाषेत, चेक घरातल्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेली, त्यात मूल अडखळलं की पालकांची सही घ्यायची, आणि मूल गेलं तिकडे. अठरा मुलं कोर्टात गेली. त्या केसमध्ये जे आकडे मांडले ते असे, ओस्त्रावात रोमा नसलेल्या मुलांपैकी १.८ टक्के अशा शाळेत, रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. सत्तावीस पटींहून जास्त. आधी चेक कोर्टात हरले, मग स्ट्रासबर्गला गेले (हे मानवी हक्कांचं कोर्ट, युनियनचं नाही, त्याच्यात ४६ देश आहेत, लोक कायम लक्झेंबर्ग आणि स्ट्रासबर्गची गल्लत करतात), तिथेपण २००६ ला पहिल्या फेरीत हरले, आणि मग १३ नोव्हेंबर २००७ ला सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ असा निकाल त्यांच्या बाजूने दिला. सरकारचं म्हणणं होतं की आईबापांनीच सह्या केल्यात ना. कोर्ट म्हणालं, साध्या शाळेत पोराला एकटं पाडतील ही धास्ती आणि स्पेशल शाळेत निदान आपली मुलं तरी असतील, अशा पेचात घेतलेली सही म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, आणि भेदभाव न होण्याचा हक्क असा सही करून सोडताच येत नाही.

प्रत्येकाला चार हजार युरो भरपाई मिळाली. तोपर्यंत ती मुलं मोठी झाली होती, निकालाने त्यांची शाळा काही परत आली नाही.

स्पेशल शाळांची नावं तर निकालाच्या आधीच, २००५ मध्ये, बदलून ‘प्रॅक्टिकल’ शाळा झाल्या होत्या, म्हणजे पाटी बदलली. पुढे काय झालं तर २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू केली, मग स्लोव्हाकियाविरुद्ध २०१५ ला, हंगेरीविरुद्ध २०१६ ला, आणि २०१६ मध्येच चेक लोकांनी कायदा बदलून साध्या शाळांमध्ये असिस्टंट शिक्षक वगैरे मदत द्यायला सुरुवात केली. फरक पडला, पडला नाही असं नाही. पण व्हिएन्नात युनियनची मूलभूत हक्कांची जी एजन्सी आहे तिने २०२१ मध्ये दहा देशांत रोमांची पाहणी केली, त्यात ५२ टक्के रोमा मुलं अशा शाळेत होती जिथे सगळी किंवा बहुतेक मुलं रोमाच, आणि २०१६ ला हाच आकडा ४४ होता. म्हणजे एवढे निकाल, एवढे फंड, एवढ्या कॉन्फरन्सेस, आणि आकडा वर! युनियनचं नवं उद्दिष्ट आहे की २०३० पर्यंत हे प्रमाण पाचातल्या एकापेक्षा खाली आणायचं. बघू.

हे असं का होतं? त्याचं एक उत्तर तुझ्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. आता मुलं फक्त टेस्ट घेऊनच वेगळी पडतात असं नाही, पालकपण आपापली मुलं काढून घेतात. नॉर्थ मॅसिडोनियात बितोला नावाचं शहर आहे, तिथल्या एका शाळेतून बाकीच्या पालकांनी हळूहळू मुलं काढून दुसरीकडे घातली, होता होता शाळा बहुतेक रोमांचीच उरली. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. श्तिप गावातली शाळा तर अजून पुढची, एकाच इमारतीत रोमांचे वर्ग वेगळे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्ट्रासबर्गने दोन्हीबद्दल एकच सांगितलं, सरकारचा हेतू नव्हता म्हणून सुटका नाही, हे मोडायची जबाबदारी सरकारची.

जबाबदारी सरकारची म्हटलीय, तुझी नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. तुझ्या सहा वर्षांच्या मुलीने युरोपचा प्रश्न पाठीवर घेऊन शाळेत जायचं नाहीये. जिथे गरीब वस्तीतलीच मुलं उरतात तिथे कधी कधी शिक्षकपण टिकत नाहीत, अपेक्षा कमी ठेवतात, असं असेल तर ती शाळा तुझ्या मुलीसाठी वाईट आणि रोमा मुलांसाठीपण तेवढीच वाईट. माझा मुद्दा एवढाच की शाळा वाईट आहे हे बघून ठरव, तिथे कोणाची मुलं येतात यावरून नको. ग्रुपवरच्या त्या पालकांपैकी किती जण त्या शाळेत आत जाऊन आलेत हे विचार एकदा. मला तर वाटतं एकपण नसेल.

तू सोलापूरची, म्हणून हे तुला वेगळं समजावायला नको. तुमच्याकडे सेटलमेंट म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातून आलं, पारधी, कैकाडी, भामटे अशा अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, १९५२ च्या ऑगस्टमध्ये विमुक्त झाले पण पारध्याचं पोर वर्गात आलं की बाकीचे आईबाप मास्तरांकडे काय बोलतात ते तुला मला दोघींना माहितीये. तर १९२७ साली चेकोस्लोव्हाकियानेपण ‘भटक्या जिप्सीं’साठी असाच कायदा केला, वेगळं ओळखपत्र, बोटांचे ठसे, कुठे मुक्काम करायचा त्याची परवानगी. मग नाझी आले तेव्हा याद्या तयारच होत्या. चेक भागातले बहुतेक रोमा त्या युद्धात मारले गेले, आज तुला दिसतात त्यातले बरेच लोक युद्धानंतर स्लोव्हाकियाकडून आलेल्यांची मुलंनातवंडं आहेत. लेटी नावाच्या गावात युद्धाच्या काळात रोमांना डांबून ठेवायचा कॅम्प होता, त्याच्या जागेवर सत्तरच्या दशकात डुक्करपालन केंद्र बांधलं, आणि ते २०१८ पर्यंत तिथे चालू होतं. सरकारने विकत घेऊन पाडलं, २०२४ ला स्मारक उघडलं. तुमच्या ब्रनोत ब्रातिस्लावस्का रस्त्यावर रोमा संस्कृतीचं म्युझियम आहे, म्हणजे ग्रुपवाले ज्या एरियात संध्याकाळी जाऊ नका म्हणतात ना, त्याच एरियात. एका रविवारी तिघं जाऊन या.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तरपण तिथे सोपं जाईल. तिला सांग, नाही बाळा, आपण रोमा नाही, आपण भारतातून विमानाने आलो, त्यांचे पणजोबांचे पणजोबा फार फार पूर्वी भारताकडूनच चालत निघाले होते, आणि कोणाला रोमा म्हणून चिडवणं वाईट असतं कारण रोमा असण्यात चिडवण्यासारखं काही नाहीये. लहान मुलांना एवढं पुरतं. फक्त ‘छे छे, आपण तसले नाही’ हा सूर नको, पोरं शब्द विसरतात पण सूर बरोब्बर उचलतात. आणि ते भारतातून गेले म्हणून आपले, म्हणून त्यांच्याशी चांगलं वागायचं, असलं काही शिकवू नकोस, उद्या शेजारी सीरियन मूल आलं तर काय करशील. चिडवणं परत झालं तर त्या मुलाच्या आईशी सरळ जाऊन बोल, तुझी चेक तोडकीमोडकी असली तरी चालेल.

पत्त्याचं मात्र साफ नाही म्हणते. आपल्याकडे आरटीईच्या अ‍ॅडमिशनसाठी लोक नातेवाइकाच्या नावाचा भाडेकरार करून आणतात, चेक लोकपण चांगल्या शाळेसाठी कागदोपत्री पत्ता हलवतात, सगळीकडे तेच. पण चेक माणसाने केलं तर फार तर शाळा ओरडेल, तुमचा पत्ता तुमच्या रेसिडन्स परमिटला जोडलेला आहे, राहत नाही तिथला पत्ता सरकारला सांगणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. आणि त्याची गरजच काय, पत्त्याला लागणारी शाळा, जिला तिकडे स्पादोवा म्हणतात, ती तुला जागा द्यायला बांधील आहे पण तू तिथेच गेलं पाहिजेस असं नाही, दुसऱ्या शाळेत उघडपणे अर्ज करता येतो, त्यांच्या एरियातली मुलं घेऊन जागा उरली तर घेतात. नवऱ्याला हे सांग, त्याला बहुतेक माहीतच नसेल.

आता शाळा बघायची कशी. आधी चेक शाळा तपासणी विभागाचे रिपोर्ट ऑनलाइन सगळ्यांना खुले असतात, शाळेचं नाव टाकून काढ, मोबाईलवर भाषांतर करून वाच, शाळांच्या वेबसाइटवरच्या हसऱ्या फोटोंपेक्षा ते बरे. मग एखाद्या सकाळी पावणेआठला गेटसमोर जाऊन उभी राहा, मुलं येताना कशी येतात, पळत का ओढत, शिक्षक दारात आहेत का, नावाने हाक मारतात का. मुख्याध्यापकांची वेळ घेऊन भेट आणि विचार की पहिलीच्या तुकड्या किती आणि मुलं तुकड्यांमध्ये कशी वाटता. हा प्रश्न नक्की विचार. जर त्या बाई हळूच म्हणाल्या की काळजी करू नका, तुमच्या मुलीला ‘अ’ तुकडीत घालू, तिथे ती मुलं नसतात, तर ते तुला खूष करायला बोलतील पण समज की ही श्तिपची शाळा आहे, आणि जी शाळा मुलं अशी वाटते ती उद्या तुझ्या चेक न येणाऱ्या मुलीलापण कुठल्या तरी कोपऱ्यात बसवेल. उलट मिसळून बसवतात, वर्गात असिस्टंट शिक्षक आहे, तीच बाई वर्षानुवर्षं पहिली शिकवतेय असं दिसलं तर रोमा मुलं बरीच असूनही ती शाळा चांगली असू शकते, अशा शाळांना भाषा न येणारं मूल हाताळायची सवयपण जास्त असते. परदेशी मुलांना चेक शिकवायची सोय २०२१ पासून कायद्याने ठरवून दिलेल्या शाळांमध्ये आहे, ही शाळा त्यात आहे का, नसेल तर मुलीला त्यासाठी कुठे जावं लागेल ते विचार. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळायची सोय, तिकडे द्रुझिना म्हणतात, ती किती वाजेपर्यंत तेही विचार, कारण दोघं कामाला असाल तर खरी अडचण तीच होते. आणि जेवण! तिथे शाळेच्या जेवणात किती मांस किती भाजी याचं सरकारी माप असतं, व्हेज ताट सगळ्याच शाळांत मिळतं असं नाही, डबा चालतो का ते आधीच विचारून घे, नाहीतर पोरगी रोज भात आणि सूपमधलं गाजर खाऊन घरी येईल.

दुसरी एक शाळापण अशीच बघ, म्हणजे तुलना करता येईल. मग दोघं बसून ठरवा, आणि दुसरी आवडली तर खुशाल तिकडे अर्ज करा, मी काही तुला नावं ठेवणार नाही. फक्त त्यानंतर ग्रुपवर पुढच्या वर्षी कोणी नवीन आई ‘त्या शाळेबद्दल काय मत’ असं विचारेल तेव्हा तू जे बघितलंस तेच लिही, असिस्टंट किती, तुकड्या कशा, द्रुझिना किती वाजेपर्यंत, जेवणात व्हेज मिळतं का.